उजवा, उजवा, डावा

सरांचा फोन आला तेव्हा शिकवणीचा तास नुकताच संपला होता आणि मी हाताचा खडू झटकत होते. जालन्यात एका खाजगी शिकवणी वर्गात मी गणित शिकवते. सर म्हणजे माझे गावाकडचे सर. परतूर तालुक्यात, आष्टीच्या पुढं आमचं गाव आहे. तिथं सहावी-सातवीला त्यांनी मला गणित शिकवलं आणि आता त्याच शाळेचे ते मुख्याध्यापक आहेत; सहावीचं गणित मात्र अजून तेच घेतात.

"म्याडम," ते म्हणाले. मी शिकवायला लागल्यापासून ते मला असंच हाक मारतात, थोडं कौतुकानं, थोडं चिडवत. "यंदा पालकसभेला तुम्ही या. सहावीत गेलं की पोरं गणिताला भिऊन राह्यली, अन् पोरांपेक्षा मायबाप जास्ती. सहावीच्या गणितात काय काय राहतं, एवढं दहा मिनिटं सांगा. आपल्याच शाळेची पोरगी सांगती म्हणल्यावर लोकं बराबर ऐकतेन."

मी हो म्हणाले. सरांना नाही म्हणायची मला सवयच नाही. फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की रागानं माझ्या एका हाताची मूठ वळलीय. तो डावा हात होता. मी डावखुरी नाही. फोन उजव्या हातात होता.

रागाचं कारण मे महिन्यातलं होतं. माझी भाची, दादाची मुलगी, सुट्टीला माझ्याकडे आली होती. पाचवी पास होऊन सहावीत जाणारी, बडबडी, अंगात वारं भरल्यासारखी. मी ओट्यापाशी भांडी घासत होते आणि ती दारात बसून आंबा चोखत होती.

"आत्या, सहावीत सर हात वाटतेत ना?"

"काय वाटतात?"

"हात गं. कुणाला उजवा, कुणाला डावा. तपासणीला साहेब आले की सगळ्यांनी वर करायचा. येतं त्याचा उजवा, येत न्हाई त्याचा डावा. मंग सर बराबर उजव्यालाच उठवतेत. साहेबाला वाटतं सगळ्या वर्गाला येतं!" ती हसली. तिला तो खेळ वाटत होता. "मला उजवाच भेटन बघ."

"का बरं?"

"तू म्याडम आहे ना."

नळाचं पाणी वाहत राहिलं आणि मी ते बंद करायचं विसरले. मला वाटलं होतं की ही पद्धत कधीच मोडीत निघाली असेल. शाळेला रंग लागला, वर्गात प्रोजेक्टरचा पडदा आला, सरांच्या हातात मोठा मोबाईल आला. हात मात्र अजून वाटले जात होते.

आमच्या वेळी शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात हे व्हायचं. सर रांगांमधून चालायचे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारून सांगायचे, "उजवा. उजवा. डावा. उजवा. डावा. डावा." अजून एकही गणित सुटलेलं नसायचं, पुस्तकाला कव्हरसुद्धा घातलेलं नसायचं. मग सर काय बघून ठरवायचे? कुणाचा बाप शाळेच्या समितीवर आहे, कुणाचा भाऊ पुढच्या वर्गात हुशार निघाला, कुणाची कॉलर स्वच्छ आहे. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, अनुभवानं कळतं. माझ्या डोक्यावर टपली पडली आणि ते म्हणाले, "डावा." पुढच्या क्षणी ते पुढच्या मुलीकडे गेले होते.

डावे कोण कोण आहेत हे मला कधी मोजावं लागलं नाही. शाळा सुटली की ते सगळे माझ्यासोबतच चालायचे, गावाच्या त्याच टोकाला.

हे फक्त साहेब येण्यापुरतं असतं तर मी कदाचित आज हसले असते. पण एकदा हात वाटला की वर्षभर तोच. फळ्यावर गणित सोडवायला उजवे उठायचे. डाव्यांच्या वह्यांवर सर न बघता बरोबरची खूण करायचे, कारण चूक काढली तर ती समजावून सांगावी लागते. "तुम्ही पाढे लिहा," ते आम्हाला म्हणायचे. आम्ही पाढे लिहायचो. सतराचा पाढा मला आज झोपेतून उठवलं तरी येतो, आणि तो म्हणताना मला अजून राग येतो.

सहावीच्या गणिताविषयी लोकांचा एक गैरसमज आहे. त्यांना वाटतं, आकडे मोठे होतात म्हणून ते अवघड होतं. तसं नसतं. पाचवीपर्यंत गणित म्हणजे 'किती' असतं. सहावीत पहिल्यांदा 'का' येतं. भागल्यावर उत्तर वाढतं, हे का? शून्याच्या खाली संख्या असतात, त्या कशा? आकड्याच्या जागी अक्षर लिहायचं, ते कशाला? अकरा-बारा वर्षांचं पोर इथं थबकतं, आणि ते थबकतं हेच चांगलं असतं. त्या वेळी कुणीतरी त्याच्याजवळ बसून 'का' सांगावं लागतं. आमच्याकडे त्या 'का'ऐवजी एक ओळ मिळायची. "भागाकार आला, उलटा करा, गुणा." सगळा वर्ग सुरात म्हणायचा, उजवे आणि डावे मिळून. काय उलटं करायचं, कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "नियम हाय तो."

मला ते कळलं घरी, जेवताना. माय भाकरी अर्धी मोडूनच वाढायची, अख्खी भाकरी ताटात कालवणावर पसरते म्हणून. परातीत तीन भाकरी उरल्या होत्या आणि ती त्या मोडत होती. मी बघत राहिले. तीन भाकरीत अर्धे तुकडे किती निघतात? सहा. तीनला अर्ध्यानं भागलं तर सहा! भागून उत्तर वाढलं, कारण आपण विचारतोय की यात अर्धे किती बसतात. इतकंच. मी जेवायची थांबले. माय म्हणाली, "काय झालं, कालवण तिखट हाय का?" मी म्हणाले, "न्हाई माय, मला गणित आलं." ती म्हणाली, "मंग जेव की." तो आनंद मी नंतर बीएस्सीला गणित घेतलं तेव्हाही जशाच्या तसा कधी अनुभवला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तपासणीचे साहेब आले. वर्ग झाडून घेतला होता, फळ्यावर सुविचार होता. साहेब चांगले होते, घाईतले नव्हते. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, तीन भागिले एक छेद दोन.

"कुणाला येतं?"

सगळ्या वर्गाचे हात वर गेले. साहेब खूश झाले. सरांनी एका उजव्या मुलाकडे बोट केलं. तो उठला, "उलटा करा, गुणा" असं पुटपुटला आणि त्यानं तीनच उलटे केले. "एक छेद सहा," तो म्हणाला. साहेबांनी मान हलवली. सरांनी दुसऱ्या उजव्याला उठवलं. तो म्हणाला, "दीड." सरांच्या कपाळावर घाम आला होता.

माझा डावा हात वर होता. मला उत्तर माहीत होतं. माझ्या डोळ्यांसमोर परात होती. मला हात बदलायचा होता, पण हात बदलणं म्हणजे वर्गासमोर खोटं बोलणं, असं मला तेव्हा वाटलं. सर चिडतील याची भीती होती ती वेगळीच. मी तो डावा हात इतका ताणला की खांद्यातून कळ आली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "ती मुलगी सांगेल. बोल बेटा."

सर मध्ये आले. "साहेब, ती जरा लाजती. बोलत न्हाई ती."

आणि साहेब पुढच्या वर्गात गेले.

मी मुकी नव्हते. वर्गात सगळ्यात जास्त बोलण्याबद्दल मीच उभी राहायचे. साहेब गेल्यावर मी सरांजवळ गेले आणि म्हणाले, "सर, सहा. तीनात अर्धे सहा बसतेत."

सरांनी माझ्याकडे बघितलं. ते चिडले नाहीत, हे मला जास्त लागलं. ते शांतपणे म्हणाले, "तुझा डावा हात होता ना? मंग?"

त्या 'मंग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे, पण आज ते ऐकायला माझी सहावी उरलेली नाही.

आता दुसरी बाजू लिहिली पाहिजे, कारण ती खरी आहे. आठवीला आमच्या शाळेत वर्षभरासाठी एक बाई आल्या. त्या बदनापूरच्या. आठवडाभर आष्टीत खोली करून राहायच्या आणि शनिवारी परतूरहून रेल्वेनं घरी जायच्या. त्यांना हातांचं कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असलं तरी त्यांनी ऐकलं नाही. त्या उत्तर आलं का असं विचारतच नसत. "कसं काढलंस ते सांग," म्हणत. चुकीचं उत्तर असलं तरी कसं काढलं ते सांगावं लागे, आणि सांगता सांगता पोराला आपली चूक आपोआप दिसे. मी गणितात जी काही आहे ती त्या एका वर्षामुळे. त्या कुठं असतील मला माहीत नाही; त्यांचं नाव घेऊन नमस्कार करावा असं कितीदा वाटतं.

पण दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन आमच्या घरी आले ते सर. आमच्या टोकाला ते पहिल्यांदाच आले होते. बाप म्हणत होता, बास झालं शिक्षण. सर त्याच्याशेजारी बाजेवर बसले आणि म्हणाले, "पोरगी जालन्याला जाईन. मी घेऊन जातो." आणि ते खरंच घेऊन गेले. जीपमध्ये माझ्या शेजारी बसून, वसतिगृहाच्या रांगेत माझ्यासोबत उन्हात उभे राहून. आमच्या घरात आजवर कुणी कॉलेजचं दार बघितलं नव्हतं. मी पदवीधर झाले तेव्हा गावात सगळे म्हणाले, सरांमुळं शिकली. मीही तेच म्हणत आले. वीसेक माणसांसमोर, हार घालताना, माझा आवाज भरून आलेला असतो आणि तो खोटा नसतो.

म्हणूनच मी इतकी वर्षं गप्प होते. उपकारांखाली राग दाबला की तो मरत नाही, हे मला त्या दिवशी भांडी घासताना कळलं. मला जालन्याला नेणारे हात आणि माझ्या डोक्यावर टपली मारणारा हात एकाच माणसाचे होते. पहिल्यासाठी मी आभार मानत आले. दुसऱ्यासाठी माझ्यासोबत चालत घरी येणारी बाकीची पोरं कुणाचे आभार मानतील?

पालकसभा आष्टीच्या बाजाराच्या दिवशी ठेवली होती. हे दरवर्षीचं. त्या दिवशी माणसं बाजाराला जातात आणि सभेला गर्दी होत नाही. तरी शाळेच्या व्हरांड्यात बरेच लोक जमले होते, बायाच जास्त. दादा-वहिनी पुढंच बसले होते. सभेआधी सरांनी मला त्यांच्या खोलीत चहाला बोलावलं. ते खूप थकलेले दिसत होते. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते.

"तुमची भाची हुशार हाय," ते म्हणाले. "काळजी करू नका. तिला उजवाच देऊ."

मी कप खाली ठेवला. "सर, अजून वाटता तुम्ही?"

"वाटावे लागतेत, म्याडम. साहेब काय, पोरं बघत न्हाईत, हात बघतेत. एक वर्ग असा न्हाई की ज्यात सगळ्यांना येतं."

"मग डावा कुणाला?"

ते हसले. "तुम्हाला माहीतच हाय की. ज्याला जमत न्हाई त्याला."

भाचीच्या शेजारी बसणारी तिची मैत्रीण आमच्याच गल्लीतली आहे. दोघी एका डब्यातून जेवतात. त्या क्षणी मला दिसलं की एकीला उजवा मिळणार होता तो माझ्या पदवीमुळं आणि दुसरीला डावा मिळणार होता तो कुणाच्यातरी पदवी नसण्यामुळं. गणित दोघींनाही अजून कुणी विचारलेलं नव्हतं. माझ्या शिकण्यानं काय बदललं होतं? फक्त एक टपली. ती एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर गेली होती. मी चहा तसाच ठेवून उठले.

बोलायला उभी राहिले तेव्हा पहिली काही मिनिटं मी ठरवलेलंच बोलले. सहावीत अपूर्णांकांचे भागाकार येतील, शून्याच्या खालच्या संख्या येतील, आकड्याच्या जागी अक्षरं येतील. त्याला भिऊ नका. पोरगं घरी आलं की किती मार्क पडले हे विचारायच्या आधी काय कळलं ते विचारा. तुम्हाला समजत नसलं तर तसं सांगा. ते तुम्हाला समजावून सांगेल आणि सांगता सांगता त्याला स्वतःला समजेल. लोक माना हलवत होते. सर मागं खुर्चीवर हात जोडून बसले होते, समाधानी.

मग मी म्हणाले, "आणि शाळेच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या पोरांना हात वाटले जातील. कुणाला उजवा, कुणाला डावा. अजून एकही गणित घातलेलं नसेल. ज्याला डावा मिळेल त्याला वर्षभर कुणी विचारणार नाही. साहेब आले की तो डावा हात वर करील आणि साहेब जातील. मी डावी होते. मला उत्तर येत होतं आणि मला मुकी ठरवलं."

व्हरांड्यात कुजबूज सुरू झाली. मग एक पालक, समितीवरचे, हसत हसत म्हणाले, "अहो म्याडम, त्यात शाळेची इज्जत राहते. पोरांचं काय नुकसान झालं? तुम्ही झाल्याच की ग्रॅज्युएट!"

"मी झाले," मी म्हणाले. "माझ्यासोबतच्या डाव्यांपैकी दुसरं कोण झालं, तुम्हीच सांगा."

गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

मागून एक बाई उठली. तिची धाकटी पोरगी सहावीत जाणार होती. थोरलीनं सातवीनंतर शाळा सोडली होती आणि ती आता ऊसतोडीला नवऱ्यासोबत घनसावंगीकडे जाते. तिनं पदर सावरला आणि थेट सरांना विचारलं, "सर, माझी थोरली डाव्यात होती का?"

सरांनी जोडलेले हात सोडले आणि ते जमिनीकडे बघायला लागले.

"आम्ही तिला घरी मारून राह्यलो होतो ना," ती बाई म्हणाली. "तुझं डोकंच चालत न्हाई म्हणून. ती म्हणायची, सर मला विचारतच न्हाईत. आम्हाला वाटायचं, बहाणे करती." ती तशीच उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो माझ्यात जास्त भरून आला.

अखेर सर उठले. "मी पोरांचा अपमान होऊ नये म्हणून करायचो," ते म्हणाले. "हात खाली ठेवून बसलेलं पोरगं सगळ्यांना दिसतं. डावा का होईना, हात तर वर राहतो. तुम्हाला ते उलटं वाटत असन." त्यांचा आवाज खरा होता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. हे माझ्या लक्षात आलं आणि माझा राग कमी झाला नाही. उलट वाढला. वाईट माणसानं केलं असतं तर मी ते कधीच विसरले असते.

मी एवढंच म्हणाले, "सर, हात वर होता, पण तुम्ही बघितलाच नाही."

सभा तिथंच संपली. चहा आला होता, तो बऱ्याच जणांनी घेतलाच नाही.

घरी दादानं चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली. "काय गरज होती तुला? तुझं काय, तू जालन्याला चालली. पोरीला तिथंच शिकायचंय अजून. सरांनी तिला उजवा देतो म्हणलं होतं ना? मंग?"

पुन्हा तोच 'मंग'. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. "तिला उजवा नकोय, दादा. तिला गणित पाहिजे."

"तिला विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. हे त्यानं बरोबर पकडलं. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. भाची दाराआड उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिला जवळ बोलावलं तर ती म्हणाली, "आत्या, आता मला डावा भेटन का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. खोटं बोलायची त्या दिवशी माझ्यात ताकद नव्हती.

शाळा सुरू झाली. पहिला आठवडा मी जालन्यात शिकवत काढला. रोज फोन करावासा वाटे आणि रोज मी स्वतःला थांबवत असे. शेवटी शनिवारी दुपारी तिचाच आला, वहिनीच्या मोबाईलवरून.

"आत्या, सरांनी हात वाटलेच न्हाईत."

मी खुर्चीत बसले. "मग?"

"सर म्हणले, ज्याला येतं त्यानं हात वर करा, ज्याला न्हाई त्यानं खाली ठेवा. तुमच्या म्याडमचं ऐकून राह्यलो, असं म्हणले. सगळे हसले. अन् सरांनी फळ्यावर गणित घातलं. कुणीच हात वर केला न्हाई. सगळे भिऊन राह्यले."

"तू?"

"मी केला. सोपं होतं. तीन भागिले एक छेद दोन. मला तू सांगितलेलं. पण सरांनी मला विचारलंच न्हाई. माझ्याकडं बघून खिडकीकडं बघितलं. मंग स्वतःच उत्तर लिहिलं."

तेच गणित. त्यांना ते आठवत होतं का, की पुस्तकातलं पहिलं उदाहरण म्हणून आलं, हे मला कधी कळणार नाही. माझे कान गरम झाले. मला त्या क्षणी गाडीत बसावं, परतूरला उतरावं, जीप पकडावी आणि त्या वर्गाच्या दारात जाऊन उभं राहावं असं वाटलं. सोमवारी जायचं मी मनात ठरवूनही टाकलं. दादा चिडेल, सर चिडतील, चिडू देत.

"मग किती वेळ केलास वर?" मी विचारलं.

"पूर्ण तासभर. तिनं पण केला, माझ्या मैत्रिणीनं, शेवटी शेवटी. तिला मी खालून उत्तर सांगितलं न्हाई हां. तिला भाकरीचं सांगितलं."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. पण रागाची जागा तशीच गरम होती, आणि मी ती गार होऊ देणार नव्हते.

"हात दुखला असेल गं," मी म्हणाले.

"दुखला की," ती म्हणाली. "उजवा दुखला की मंग डावा केला. सोमवारी पण तसंच करणार हाय. किती दिवस बघतेत खिडकीकडं, बघू."